रिकामा डबा देऊ नये

आधीच सांगते, मला बाळ झालेलं नाही.
तरी कुमुदआत्या उमेळ्याहून माहीमला आली ती
डिंकाचे एकवीस लाडू घेऊन,
वर अळिवाची पुडी, खारकेची पूड,
आणि म्हणाली, पोट चिरलंय ना,
मग कंबर भरून यायला हवी.

चिरलं नाही गं, पाच भोकं पाडली,
त्यांतून जठराचा बराचसा भाग काढून नेला.
उरलंय ते एका केळ्याएवढं.
"वेलची की राजेळी?"
वसईकडची बाई, तिला हा फरक लागतो.
वेलची, म्हटलं.
तिनं डोळ्याला पदर लावला.

मी पालिकेच्या पाणीखात्यात.
बावीस वर्षं इमारतींची मीटरं लिहिली,
हजार लिटरच्या खालचं आम्ही मोजत नाही.
आता औषधाच्या बाटलीचं झाकण हेच माझं भांडं:
तीस मिलिलिटर, पाव तासात, घोट घोट.
वरणाचं पाणी. ताकाची निवळ.
तिसऱ्या आठवड्यात परळचे डॉक्टर म्हणाले,
आता थोडं दाट चालेल,
आणि मुगाच्या कढणाचा पहिला चमचा उचलण्याआधी
मी उठून केस विंचरून आले.

दार वाजतच होतं.
पिंटोबाईंचं पेराद, मेणकागदात, चौकोन चौकोन.
जिगिशाबेनचा मोहनथाळ: तूप घरचं आहे,
याने कोणाला कधी काही झालं नाही.
खात्यातून तांडेल आला,
बरणीभर कोळंबीचं लोणचं आणि एक केक,
'लवकर बरी हो'मधली 'री' झाकणाला चिकटलेली.

हीच माणसं.
माझ्या ताटाकडे बघून
"अजून एक पोळी?" असं विचारायची,
तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर पोळी नसायचं.
आता म्हणतात, घे गं, एकानं काय होतंय,
अगदीच उतरलीस.

फ्रिज भरला. डबे अडकले.
रिकामा डबा देऊ नये, ही आईची शिस्त.
आणि भरलेला, त्यांचाच, तसाच
कुठल्या तोंडानं द्यायचा?

मग एका रात्री, अडीचला, मी लाडू फोडला.
भूक नव्हती. भूक त्या कापलेल्या भागातच तयार व्हायची,
तीही गेली बादलीत.
पण असले लाडू मी दोन्ही वहिनींसाठी वळलेत,
नणंदेसाठी, समोरच्या बिऱ्हाडातल्या पोरीसाठी,
डिंक तुपात फुलताना शेजारी उभी राहून.
आमच्या छताला पाळण्याची कडी आहे,
तिला आम्ही शेवटी मनीप्लांट टांगला.
माझ्यासाठी कुणी वळलेले हे पहिलेच.

सुपारीएवढा तुकडा.
पुढचा अर्धा तास न्हाणीच्या फरशीला गाल लावून:
घाम, छातीत घोडे, पोटात पिळा.
आत ते एवढंसं,
जगात नुकतंच एकटं पडलेलं,
हातपाय झाडत होतं.
मी कुशीवर वळले.
गाऊनवरूनच त्याला थोपटत राहिले,
नळाची धार मोजतात तशी,
एक, दोन, तीन,
शांत होईपर्यंत.

सकाळी आत्याचा फोन.
खाल्लास का?
खाल्ला.
एकच?
एकच, आत्या. छान झालेत.
(उरलेले वीस अजून तिच्याच डब्यात आहेत,
केकच्या मागे.)
डब्याची घाई नाही, राहू दे, ती म्हणाली.
मग जरा थांबून,
रात्री किती वेळा उठतेस?
दोनदा.
होय गं, म्हणाली,
पहिले तीन महिने तसंच असतं.